एक हात राहिला

मी नेलकटर बोलतोय. हसा खुशाल, पण लवकर ऐका. एका जागी पडून राहणं मला सोसत नाही, त्यातून माझं एक काम अर्धवट राहिलंय.

मेहकरच्या बसस्टँडसमोर एका हातगाडीवर मी कंगव्यांच्या गर्दीत लटकत होतो. तिथून सिंधूताईंनी मला उचललं. त्या अंगणवाडी सेविका. पोर दारात आलं की आधी त्याचा हात उलटा करून नखं बघायच्या, मग मी कामाला लागायचो. प्रत्येक पोरानंतर स्पिरिटच्या बोळ्याने माझी आंघोळ व्हायची. बारा वर्षांनी ताई निवृत्त झाल्या आणि मी खिळ्यांच्या डब्यात जाऊन पडलो. फार चिडचिड व्हायची. माणसं निवृत्त होतात, नखं थोडीच होतात?

मागच्या हिवाळ्यात विहारातल्या बाया बस करून लुंबिनीला निघाल्या. ताईंनी पर्समध्ये मलाही टाकलं. सोनौलीला नेपाळच्या सीमेवरची कमान ओलांडली आणि आमचा परदेश सुरू झाला.

लुंबिनीत बस थांबताच रस्त्यावरची पोरं धावत आली. "माई, पैसा दो! बिस्कुट दो!" आमच्या बसमधल्या जयमालाबाईंनी खिडकीतून गोळ्या भिरकावल्या. पोरं एकमेकांवर पडली, एक तर चाकाशी जाऊन आदळलं.

"फेकता काऊन वं? कोंबड्या आहेत का त्या?" ताई ओरडल्या आणि खाली उतरल्या.

सात-आठ वर्षांच्या एका मुलीने हात पसरला. ताईंनी सवयीने तो उलटा केला. फूलमती तिचं नाव. उजव्या अंगठ्याचं नख चिरून मांसात रुतत होतं. ते सावकाश करू, म्हणून ताईंनी आधी डावा हात घेतला. पोरगी बिचकून हात ओढत होती. मी जपून चाललो. तिसऱ्या बोटाला तिने ओढणं सोडलं.

पाच बोटं झाली. तिने ती निरखली, हसली आणि उजवा हात स्वतःहून पुढे केला.

तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "सिंधूताई, चाला वो!" बाया ओरडू लागल्या. ताई गडबडल्या. पुढे आलेल्या त्या हातात त्यांनी पन्नासाची नोट कोंबली आणि मला मुठीत आवळून बसमध्ये चढल्या. खिडकीतून दिसलं, झाडाखाली उभ्या असलेल्या एका माणसाने येऊन ती नोट काढून घेतली. फूलमतीचा हात मात्र तसाच पुढे होता.

अहो, दहा मिनिटं द्यायची होती! बस काय पळून जात होती? मला त्या दिवसापासून चैन नाही. ताईंनाही नाही. आता गल्लीतल्या पोरांची नखं कापताना त्या उजवा हात आधी घेतात.

त्यांचे गुडघे आता प्रवासाला साथ देत नाहीत. पण त्यांची भाची समता उद्या लुंबिनीला निघालीय. ताईंनी मला उकळत्या पाण्यातून काढून तिच्या हातात दिलं.

"नोट नको देजो. खाली बसजो तिच्यापाशी."

"अन् आत्या, ते पोरगी नाही भेटली त?"

"त जे हात पुढं करीन, त्याचा धरजो. दोन्ही हात झाल्याबिगर उठजो नको."

मी आता समताच्या बॅगेत आहे. माझी धार जरा उतरलीय, पण चालेन. सकाळ काही होत नाहीये.

फूलमती, पोरी, तो हात किती वेळ तसाच धरशील? दुखेल गं. खाली घे. मी आलो की पुन्हा पुढे कर.