ताईंचे पत्ते उचलणारा चिमटा

मी एक जुना चिमटा आहे. मित्रांनो, स्वयंपाकघरातला चिमटा डोळ्यांसमोर आणू नका. तो आमच्या घराण्यातला धट्टाकट्टा भाऊ. मी घड्याळजींचा. बोटभर लांबीचा, आणि वजन एवढं कमी की खिशात असलो तर माणूस मला शोधत घरभर फिरतो.

एका लहानशा कारखान्यात पोलादाच्या पट्टीतून माझे दोन पाय कापले गेले. तिथल्या एका बाईंनी माझी टोकं घासली, मग स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटून मला धरायला लावला. केस सुटला नाही. मी पास झालो.

पुढची छत्तीस वर्षं मी घड्याळजींच्या टेबलावर काढली. तिळाएवढे स्क्रू उचलले, केसासारख्या स्प्रिंगा जागेवर बसवल्या. बंद पडलेलं घड्याळ टिकटिक करू लागलं की गिऱ्हाईक म्हणे, "काय हात आहे हो तुमचा!" घड्याळजी मान डोलवत. हाताच्या टोकाला मी होतो, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मीही मनाला लावून घेतलं नाही. शाबासकी नेहमी वरच्या मजल्यावर पोचते.

मग एके दिवशी मी फरशीवर पडलो, तोही नेमका टोकांवर. घड्याळजींनी मला भिंगाखाली धरलं, "गेलास रे बाबा कामातून" म्हणाले आणि तुटके पट्टे नि मेलेले सेल ठेवायच्या डब्यात मला टाकलं. फेकलं मात्र नाही. वस्तू फेकायची नाही आणि वापरायचीही नाही, अशी काही माणसांची दया असते.

त्या डब्यातून मला बाहेर काढलं ते ताईंनी. ताई म्हणजे घड्याळजींची थोरली बहीण. नोकरी नकाशे काढण्याच्या कचेरीत झालेली. पासष्टीनंतर त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. कडेकडेचं दिसे, मधलं पुसलेलं. दार दिसे, पण दारातला माणूस आवाजावरून ओळखायचा. वाचनाचं तर नावच नको.

दोघं भावंडं दर रविवारी दुपारी एक पत्त्यांचा खेळ खेळत. त्यात राजा-राणी नसतात. राक्षस, जादूगार, धनुर्धारी असतात. गंमत अशी की या खेळात एकमेकांना हरवायचं नसतं. सगळ्यांनी मिळून राक्षसाला हरवायचं. एकट्यालाही खेळता येतो, पण मग सगळ्या गावाची उठाठेव एकट्याच्या डोक्यावर.

ताईंचे डोळे गेल्यावर घड्याळजी त्यांचे पत्ते वाचून दाखवू लागले. मोठ्या प्रेमाने. पण वाचता वाचता ते सांगू लागले, आणि सांगता सांगता ठरवू लागले.

"ताई, धनुर्धारी टाक."

"का?"

"अगं, टाक तर."

राक्षस दर रविवारी मरत होता. एकदा घड्याळजी टाळी द्यायला हात पुढे करून म्हणाले, "आज पण जिंकलो आपण."

"तू जिंकलास," ताई म्हणाल्या. "मी पत्ते धरून बसले होते, खुंटीसारखी. पुढच्या महिन्यापासून मी एकटी खेळणार."

"आणि वाचणार कोण?"

"वाचावंच लागू नये, असा संच लावायचा. कुणी एक शब्द न बोलता मला एक डाव शेवटपर्यंत खेळता आला, तर खेळ माझा. नाही जमलं, तर पत्त्यांची पेटी कुणालातरी देऊन टाक. मला पुन्हा खुंटी व्हायचं नाही."

नियमाप्रमाणे खेळणाऱ्याने पेटीतून स्वतः निवडलेल्या संचात तीस पत्ते लागतात आणि एकेका पात्राचे तीन पत्ते चालतात. म्हणजे पात्रं लागणार दहा. ताईंनी ठरवलं, दहाही एकाच गावची घ्यायची, नदीकाठच्या. घड्याळजी पेटीतले शेकडो पत्ते वाचत बसले आणि ताई निवडत बसल्या. नावाडी घेतला, जाळी विणणारी घेतली, पुलावरची घंटा वाजवणारी म्हातारी घेतली. लव्हाळे कापणारा आला आणि मागोमाग त्याचा आळशी जावईही आला. एक पाणमांजरही घेतलं.

"ताई, तलवारवाला एक तरी घे. सगळ्यात जोरदार पत्ता आहे."

"तो आपल्या गावचा नाही."

"अगं, राक्षसासमोर काय जाळी विणणारी पाठवणार?"

"जाळं टाकेल ती. तू कधी तिच्या तावडीत सापडला नाहीस."

"ताकद बघून निवडतात गं संच."

"ताकद पाठ करावी लागते," ताई म्हणाल्या. "शेजारी आपोआप पाठ होतात."

आणि झालेही. नावाड्याचं जाळीवालीशी बोलणं नाही, म्हणून ते दोघं एका वेळी खेळायचे नाहीत. घंटावाली बहिरी, म्हणून तिला संकट उशिरा कळतं. पण एकदा तिने घंटा बडवली की राक्षस तीन पावलं मागे. जावई उपयोगाचा नाही, पण त्याला टाकलं की सासरा चिडून दुप्पट काम करतो. पत्त्यांवरचे रूक्ष नियम ताईंनी असे चहाड्या करून डोक्यात बसवले. मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत, पण ही तऱ्हा वेगळीच.

मग घड्याळजींनी पत्त्यांच्या प्लास्टिक कव्हरांवर, चित्राच्या बाजूला, कोपऱ्यात गोंदाचे बारीक ठिपके दिले. ते वाळले की बोटाला लागत. नावाड्याला एक, जाळीवालीला दोन, घंटावालीला तीन एका रांगेत. राक्षसाच्या पत्त्यांनाही तसेच.

सगळे खूश. ताई सोडून. गठ्ठ्यावरून पत्ता उचलताना बोट खालच्या ठिपक्यांना लागे आणि पत्ता हातात येण्याआधीच कोण ते कळे.

"ही तर लबाडी झाली," त्या म्हणाल्या. "आवडला नाही तर मी तो परत ठेवीन."

त्यांनी लोकरीचे हातमोजे घालून पाहिले. पिसायला ते उत्तम, पण उचलताना तीन-तीन शेजारी एकदम वर येत. शेवटी भावाचा डबा धुंडाळून त्यांनी मला काढलं. माझी टोकं बोथट, त्यामुळे कव्हर खरवडलं जात नव्हतं. गुणच म्हणायचा!

घड्याळजींच्या बायकोला हसू आवरेना. "वन्सं, भर उन्हाळ्यात हातमोजे काय, चिमटा काय! फसवाल तर तुम्ही कुणाला? बघतंय कोण?"

"कुणीच नाही," ताई म्हणाल्या. "म्हणूनच."

ठरलेल्या रविवारी नवरा-बायकोला स्वयंपाकघरात पिटाळून ताई एकट्या बसल्या. पूल वाचवायचा होता. संकट मोजायला कोटाची सात बटणं मांडली होती. राक्षस एक पाऊल पुढे आला की एक बटण बाजूला. तासाभरात एकच बटण उरलं. आता घंटावाली आली तरच पूल राहणार होता.

मी पत्ता पकडला. पण माझी टोकं बोथट, पत्ता सुटला आणि चित्र वर होऊन टेबलावर पडला. तो सावरायला त्यांनी बोट टेकवलं. एका रांगेत तीन ठिपके. घंटावालीच होती, पण हातात येण्याआधीच ती बोटाला कळली होती.

खोलीत मी आणि त्या. मी काय बोलणार?

ताईंनी पत्ता गठ्ठ्यात परत खुपसला. मग सावकाश, एक एक बोट करून, हातमोजे चढवले. सगळा गठ्ठा पुन्हा पिसला, हातमोजे काढले आणि मला उचललं. मी नवा पत्ता वर आणला. त्यांनी चाचपला.

आळशी जावई.

शेवटचं बटण बाजूला झालं. पूल पडला.

"ताई," दारातून आवाज आला. घड्याळजी उभे होते.

"कधीपासून उभा आहेस?"

"पत्ता सुटला तेव्हापासून."

"बोलला नाहीस ते बरं केलंस."

"जीभ चावून उभा होतो. अगं, घेतली असतीस घंटावाली तर जिंकली असतीस."

"जिंकायला तू होतासच की," ताई म्हणाल्या. त्या हसत होत्या. इतक्या महिन्यांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "हरले ती माझी मी हरले. नावाडी फार लवकर खर्च केला. पेटी राहू दे इथेच. आणि ते हातमोजे दे इकडे."

घड्याळजींनी तोंड उघडलं. नावाड्याबद्दल त्यांना सांगायचं होतं, मला चेहऱ्यावरून दिसलं. मग त्यांनी तोंड मिटलं आणि हातमोजे दिले.

मित्रांनो, कुणाचे डोळे थकतात, कुणाचे गुडघे, कुणाचे कान. मदत जरूर करा. पण पत्ता उचलून हातात दिला की गप्प बसा. कुठला टाकायचा, ते ज्याचं त्याला ठरवू द्या. घड्याळजींना एवढं शिकायला बासष्ट वर्षं लागली. तुम्ही हुशार आहात.