लेकीच्या कादंबरीतला बाप

लेकीनं पहिली कादंबरी लिहिली आणि कागदांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्हाला पटली तरच प्रकाशकाकडे पाठवीन. नाहीतर राहिलं." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. आज तर ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उलट्या लावून बसलो.

आता कादंबऱ्यांचं मला काय सांगता! समोर शिलाई मशीन आणि मांडीवर पुस्तक, अशीच हयात गेली. मी ऐन विशीत असताना एकीतली नायिका खोकत खोकत गेली, तर मी इतका रडलो की गिऱ्हाइकाची पँट इस्त्रीखाली जळाली. पुढं एक भेटली, तिचा नायक पानंच्या पानं नुसता कुढतो. वाटलं, अरे, हा तर मीच! पन्नाशीत तीच पुन्हा वाचली, तर त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. एका जाडजूड कादंबरीत कोण कुणाचा चुलता, हे शेवटपर्यंत उमगलं नाही. बायको गेली त्या वर्षी एकच वाचायला घेतली होती, तिचं पहिलं पान काही उलटलं नाही.

सगळ्यांवर मी बसल्या जागी तोंडसुख घेतलं. लेखक थोडेच ऐकायला येत होते? ही लेखिका मात्र दुकानामागच्या खोलीत बसलेली, आणि कान इकडे.

लेकीची कादंबरी वाचून झाली होती. चांगली होती हो! आई गेलेली मुलगी, शिंप्याचं दुकान, मशीनचा खडखडाट, सगळं आमच्याच घरातलं. पण त्यातला बाप काही केल्या गळी उतरेना. पोरगी काही सांगायला लागली की हा हातातलं काम टाकतो आणि तिचं पुरं होईस्तोवर ऐकतो. आता हे बोलून पोरीचं मन मोडू, की गप्प बसून तिचं पुस्तक बिघडू देऊ? उठलो, बसलो, पुन्हा उठलो. कात्री शोधत होतो, ती हातातच.

शेवटी तीच बाहेर आली. "बोला की, बाबा! जीव नुसता टांगणीला लागलाय."

"फक्कड जमलीय," मी म्हणालो. "फक्त त्या बापात माया फार सोडलीस. थोडी कापून टाक."

शिवणीच्या आत वाढीव कापड ठेवतात, त्याला आम्ही शिंपी माया म्हणतो. शिंप्याची पोर ती, तिला हे सांगायला नको.

ती हसली नाही. "बाकी सगळं घडलेलं लिहिलंय, बाबा. बाप तेवढा मनानं रचला. लहानपणी मला वाटायचं, की तुम्ही..."

"अगं, पण असा हात थांबवून बसला तर त्याचा धंदा कसा चालायचा?"

तिनं गठ्ठा उचलला. "बरं. कापते माया," म्हणाली आणि आत गेली.

हातातली कात्री टाकली. मी तसाच तिच्यामागं धावलो. "कापू नकोस गं! तशीच पाठव. आणि लहानपणी काय वाटायचं तुला? सांग ना."

ती कागद सारखे करत होती.

"राहू द्या, बाबा," म्हणाली. "विसरले मी आता."