टँटीच्या डोक्यावरचा बोया

मी एक जुना बोया आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी रागावलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की उसासे टाकतात, डोळे पुसतात. मला ते जमायचं नाही. सगळं आयुष्य खाऱ्या पाण्यात गेलं, तिथे डोळे पुसण्याची चैन कोणाला परवडते? माझी गोष्ट ऐकायची असेल तर माझ्या रागासकट ऐका.

बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारा खुंटा. तुमच्याकडे बैल खुंट्याला बांधतात, तशा आमच्या कॅरिबियन समुद्रातल्या कॅरिआकू बेटावर होड्या मला बांधतात. माझं डोकं पाण्यावर, पाय खाली खडकात आणि मधे लांबलचक दोर. वर काय चाललंय ते मला दिसतं आणि खाली काय चाललंय ते दोरातून कळतं. होडीने नांगर टाकू नये म्हणून मी. नांगर वाळूत पडला तर पडला, पण प्रवाळावर पडला तर संपलं. प्रवाळ हा दगड नाही, बाबांनो. तो जीव आहे. बोटभर वाढायला त्याला वर्षं लागतात आणि फुटायला एक दणका पुरतो.

मी जन्माने काही बोया नव्हे. मी निळं पिंप होतो. आयडेला ही आमच्या गावची पाणबुडी पोर; तिच्या आत्याने इंग्लंडहून माझ्या पोटात तांदूळ, साबण, बूट आणि शाळेचे मोजे भरून मला बोटीने धाडलं. आमच्याकडे परदेशी गेलेली माणसं अशीच पिंपं पाठवतात. पिंप रिकामं झालं की त्यात पावसाचं पाणी साठवायचं, हा रिवाज. पण आयडेलाच्या मामाने, कथबर्टमामाने, मला उलटंपालटं करून पाहिलं, माझ्या अंगावर दोन चापट्या मारल्या आणि म्हणाला, याला टँटीकडे नोकरीला लावू.

ही टँटी कोण, ते सांगतो. टँटी म्हणजे आमच्याकडची आत्या किंवा मावशी, जिला उलट बोलायची कोणाची छाती होत नाही अशी थोरली बाई. आमच्या उपसागरात मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचं एक प्रचंड प्रवाळ आहे. एखाद्या खोलीएवढं असेल. कोळ्यांच्या आज्यांनी त्याला टँटी म्हणायला सुरुवात केली. तिच्या कुशीत झिंगे राहतात, तिच्या अंगणात पोपटमासे चरतात. माझा दोर तिच्या शेजारच्या उघड्या खडकात रोवला. टँटीला लोखंड लागू नये, एवढ्यासाठी माझा जन्म. दुसरं काही काम मला नाही आणि नकोही होतं.

कथबर्टमामा होड्या बांधणारा. त्याने माझ्या पोटात सुकून घट्ट होणारा हलका फेस भरला, मधून नळी घातली आणि दोराची टोकं उकलून एकमेकांत अशी गुंफली की सांधा कुठे आहे ते बोटांना कळेना. गावात म्हणच आहे, कथबर्टची गुंफण कथबर्टनंतरच सुटेल. मला पाण्यात सोडलं तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे पूर्वजांसाठी पाणी शिंपडलं, मग कडक रम शिंपडली, थोडे तांदूळ टाकले. मामाने उरलेली रम स्वतःच्या घशात शिंपडली. चांगला दिवस होता तो.

मग आयडेलाच्या सफरी सुरू झाल्या. ती पाणबुड्यांना टँटी दाखवायला आणायची. मोजकीच माणसं, तीही पाण्याखाली जायचं शिक्षण पुरं करून कार्ड मिळवलेली. पण नुसत्या कार्डावर ती कोणाला टँटीकडे फिरकू देत नसे. आधी वाळूवर नेऊन म्हणायची, इथे तरंगून दाखवा. हात पाय न मारता, तळाला न टेकता. ज्याला जमलं तो पुढे, ज्याला नाही जमलं तो त्या दिवशी वाळूवरच. हातमोजे बंद, कारण हातात मोजा असला की माणूस दिसेल त्याला धरतो. एकदा एक बडा गृहस्थ मोठा कॅमेरा घेऊन, जाड मोजे घालून आला आणि कार्ड नाचवायला लागला. आयडेला त्याला म्हणाली, "कार्ड खिशात राहू दे, साहेब. मला तुमचे हात बघायचेत." मी पाण्यावर डोलत हसत होतो. शेवटी मोजे निघाले.

दर महिन्याला ती माझ्या दोरावरून हात फिरवत खाली जायची. शेवाळ काढायची, शिंपले खरवडायची, कडी तपासायची. कौतुक म्हणाल तर तेवढंच. पण बोयाला आणखी काय हवं असतं?

आता माझ्या रागाचा भाग येतो.

आयडेलाच्या होडीचं इंजिन म्हातारं झालं, आणि त्याच सुमारास किनाऱ्यावर 'हिरवं कासव' नावाचं हॉटेल उभं राहिलं. पाटीवर भलंमोठं कासव, खाली लिहिलेलं, 'आम्ही समुद्राचे मित्र'. तिथला व्यवस्थापक गॅरवुडसाहेब स्वतः पट्टीचा पाणबुड्या होता, हे लक्षात ठेवा. अडाणी माणसाचा मला राग येत नाही. त्याने आयडेलाला वाटाडी म्हणून बोलावलं. तिने एकच अट घातली की बोयाचा दोर वेळच्या वेळी बदलायचा. तो म्हणाला, अर्थातच. हॉटेलची बोट चालवायला लेन्रिकला ठेवलं. लेन्रिक म्हणजे कथबर्टमामाचा मुलगा, आयडेलाचा मामेभाऊ. दोघं एका ताटात जेवलेली.

हॉटेलची बोट जड, दुमजली. नाकापेक्षा मोती जड, त्यातली गत. तिच्या ओढीने माझा दोर तळाशी वेगळ्याच बाजूला ताणला जाऊ लागला आणि खडकाच्या एका धारेवर घासू लागला. मला रोज कळत होतं. एकेक धागा तुटत होता. आयडेलालाही दिसलं. दोर कापसासारखा फुललाय, ताबडतोब बदला, असं तिने साहेबाला सांगितलं. साहेबाने लेन्रिकला विचारलं. लेन्रिक छाती फुगवून म्हणाला की ती बाबांची गुंफण आहे, तिच्यावर शंका घेणं म्हणजे बाबांना बट्टा लावणं.

मग साहेबाने काय करावं? तो थेट रमच्या दुकानात गेला, मामाच्या पुढ्यात पेला ठेवला आणि चारचौघांत विचारलं, "कथबर्ट, तुझी गुंफण टिकेल ना?"

"टिकेल?" मामा म्हणाला. "ती मला पुरून उरेल."

सगळे हसले. आयडेला दारात उभी होती. आमच्या गावात भाची मामाला दुकानात, लोकांदेखत खोटं पाडत नाही. ती गप्प राहिली. आणि मित्रांनो, एकाही शहाण्याच्या तोंडून हे निघालं नाही की अरे, गुंफणीचं राहू द्या, दोराचं काय?

दोर तसाच राहिला. मला मात्र रंग मिळाला. हो, रंग! एका सकाळी दोन माणसं आली, मला चकचकीत हिरवं रंगवलं आणि माझ्या पोटावर कासव काढलं. कशासाठी, तर हॉटेलच्या जाहिरातीत माझा फोटो छापायचा होता. वरून कीर्तन, आतून तमाशा! तो रंग पाण्यात सुटून खाली टँटीवर उतरत होता. माझ्या तोंडाला पावडर लागली आणि पायाखालचा धागा धागा तुटत होता. त्या फोटोत मी फार छान दिसतो, असं ऐकलं. आग लागो त्या फोटोला.

तो दिवस वाऱ्याचा होता. सकाळी पाहुण्यांनी कोकोचा गरम चहा घेतला, बेक म्हणजे आमच्याकडचे तळलेले पाव खाल्ले, आणि मग बोट मला आणून बांधली. आयडेला पाहुण्यांना घेऊन खाली उतरली. जाताना तिने लेन्रिकला बजावलं, दोराकडे लक्ष ठेव, काही झालं तर सुटा राहा. आमच्याकडचा नियम लहान पोरालाही ठाऊक आहे. खाली माणसं असताना बोयाचा दोर तुटला तर नांगर टाकायचा नाही. इंजिनाचा पंखा फिरवायचा नाही. बोट वाऱ्यावर सोडायची, दूर जाऊ द्यायची आणि बुडबुड्यांवर नजर ठेवून थांबायचं. पाणबुडे वर आले की मग घ्यायला जायचं.

दोर तुटला. मला पायातून कळ आली आणि पाय गेला. मी बोटीला बांधलेलाच होतो, तिच्याबरोबर ओढला जाऊ लागलो. लेन्रिकने ओळखलं. त्याने बोट सोडून दिली, अगदी नियमाप्रमाणे. पण त्या दिवशी गॅरवुडसाहेब बोटीवर होता, सोबत दोन फोटोवाले. टँटीवरचं चित्र हुकणार म्हणून तो चवताळला.

"नांगर टाक," तो म्हणाला.

"खाली टँटी आहे, साहेब. खाली माणसं आहेत."

"माणसं तिकडे आहेत. इथे वाळू आहे. टाक म्हणतो ना!"

वाळू नव्हती. मी तिथेच तरंगत होतो, मला स्वच्छ दिसत होतं. लेन्रिकने खाली पाहिलं, साहेबाकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. आणि टाकला. कथबर्टच्या मुलाने टाकला! मला तोंड असतं तर मी असा ओरडलो असतो की पार ग्रेनाडापर्यंत ऐकू गेलं असतं.

नांगर टँटीच्या डाव्या खांद्यावर पडला. मग बोटीने त्याला ओढलं. मला आवाज आला नाही. पाणी एकदम पिठासारखं पांढरं झालं, एवढंच दिसलं.

माणसं वाचली. आयडेलाने सगळ्यांना जवळ ओढून घेतलं आणि शांतपणे वर आणलं. शेवटचा पाहुणा बोटीवर चढेपर्यंत ती पाण्यातच थांबली. मग ती लेन्रिकसमोर जाऊन उभी राहिली. साहेबाकडे तिने पाहिलंही नाही.

"तुला ठाऊक होतं खाली कोण आहे," ती म्हणाली.

"मला वाटलं, वाळूवर पडेल."

"नाही वाटलं तुला. तू माझ्या डोळ्यांत बघ आणि पुन्हा सांग."

लेन्रिकने वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबाने गावभर सांगितलं की गावठी गुंफण दगा देऊन गेली, हॉटेलचा काय दोष? चोराच्या उलट्या बोंबा! कथबर्टमामाने ऐकलं आणि तो काठी टेकत धक्क्यावर आला. माझं तुटकं टोक हातात घेऊन त्याने बराच वेळ चाचपलं. गुंफण जशीच्या तशी होती. दोर तुटला होता तिच्यापासून हातभर खाली, जिथे तो धारेवर घासत होता. मामा आयडेलाला म्हणाला, "गुंफण टिकली. मी मोठा शहाणा, गुंफणीचीच फुशारकी मारत बसलो. तू का नाही मला दुकानातच झापलंस?" आयडेलाने ते टोक त्याच्या हातातून काढून घेतलं. म्हातारा तिथेच एका पाटावर बसून राहिला.

इथे माझी गोष्ट संपली असती तर मी निदान विसरायचा प्रयत्न केला असता. पण गॅरवुडसाहेबाने मला उचललं आणि हॉटेलच्या फाटकावर टांगलं. शोभेला! खाली पाटी तीच, 'आम्ही समुद्राचे मित्र'. पाहुणे माझ्या पोटावरच्या कासवाला हात लावून फोटो काढायचे. आणि मी फाटकावर लटकलेला असताना, मित्रांनो, तिकडे टँटीच्या डोक्यावर कोणीच नव्हतं. शौकिनांच्या होड्या यायच्या आणि खुशाल नांगर टाकायच्या. रोज संध्याकाळी त्या परतताना मला फाटकावरून दिसायच्या. नांगराच्या दातांत टँटीचे तुकडे अडकलेले असायचे. बांधलेल्या कुत्र्यालाही भुंकता येतं. मला तेही येत नव्हतं.

एका सकाळी पाहुणे नाश्त्याला बसले असताना तिघं आली. आयडेला, कथबर्टमामा आणि शिडी धरून लेन्रिक. लेन्रिकने हॉटेलची नोकरी सोडली होती, पण आयडेला अजून त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. शिडी नीट धर, एवढंच म्हणाली. ती चढली आणि माझी साखळी सोडू लागली.

साहेब धावत आला. ही हॉटेलची मालमत्ता आहे, म्हणाला. हवं तर तुम्हाला नवा बोया घेऊन देतो, हा इथे छान दिसतो.

"हे माझ्या आत्याने पाठवलेलं पिंप आहे," आयडेला वरूनच म्हणाली. "याला नोकरी आहे. हा कामावर चाललाय."

मामाने काठी फाटकाला टेकवली. "अडवायचं असेल तर अडव, साहेब. मी म्हातारा माणूस, मला भांडायला दिवसभर वेळ आहे. आणि तुझे पाहुणे ऐकतायत."

पाहुणे खरंच खारा मासा ताटात टाकून आमच्याकडे बघत होते. साहेब आत निघून गेला.

माझा हिरवा रंग खरवडायचं काम आयडेलाने लेन्रिकला दिलं. चिमूटभरही पाण्यात जाता कामा नये, म्हणाली. तो धक्क्यावर कापड अंथरून खरवडत बसला, बोटं सोलून निघेपर्यंत. कोणी त्याला बस म्हटलं नाही. मामाने नवा जाड दोर आणला. खडकाच्या धारेपाशी त्याला जाड नळीचं चिलखत चढवलं आणि गुंफण आयडेलाकडून करून घेतली. पुन्हा पाणी शिंपडलं, रम शिंपडली, तांदूळ टाकले. या वेळी उरलेली रम मामाने प्यायली नाही, तीही समुद्राला दिली.

आता मी पुन्हा टँटीच्या डोक्यावर आहे. अंगावर रंग नाही, कासव नाही. तिचे फुटलेले तुकडे आयडेलाने सिमेंटने जागच्या जागी बसवले. काही धरले, बरेचसे मेले. डावा खांदा मेलेला आहे आणि त्यावर शेवाळ चढलंय. ती जागा भरून यायला इतका काळ लागेल की तुम्ही मुलं आजी-आजोबा होऊन गेलेली असाल.

तेव्हा मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. ज्याच्या जिवावर तुमची होडी उभी आहे त्याला रंगवू नका, त्याला हार घालू नका, त्याच्याबरोबर फोटो काढू नका. खाली वाका आणि त्याचा दोर बघा. आणि दोर घासलेला दिसला तर समोर मामा असो की साहेब, बोला. चारचौघांत बोला.

लोक मला विचारतात, आता तर सगळं ठीक झालं, मग अजून राग कसला? रोज भरती येते, रोज मी दोराच्या टोकाला ताणला जातो, आणि खाली टँटीचा डावा खांदा दिसतो. राग आहे, तो राहू दे. तो विझला की कोणीतरी पुन्हा रंगाचा डबा घेऊन येईल.