पाइपाजवळची काठी

उत्तरेचा वारा सुटला की दलदलीतलं पाणी आखाताकडे पळतं. दोन दिवसांत बायू, म्हणजे दलदलीतला संथ ओढा, दोन हात खाली उतरतो, काठचा चिखल उघडा पडतो आणि गारठलेला ट्राउट मासा खोल पाणी शोधत एका जागी गर्दी करतो. त्या भागात अशी जागा एकच होती. तेलकंपनीवाल्यांनी कधीकाळी पाण्यात खणलेला आणि मग टाकून दिलेला खड्डा. जाताना त्यांनी तेलविहिरीचा लोखंडी पाइपही तसाच पाण्यात सोडला. एरवी तो पाइप होडीच्या खूप खाली असतो, पण उत्तरेचा वारा सुटला की पाण्याखाली जेमतेम वीतभर. म्हणून क्लिओफा पारँनी तिथे एक काठी रोवली होती. पांढऱ्या प्लास्टिकची, दहा फुटी, डोक्यावर ब्लीचची रिकामी बाटली उपडी घातलेली.

ती काठी नोलनने उपटली.

उगाच गोड कशाला बोलायचं, स्वार्थापायी उपटली. शहरातले लोक चकचकीत होड्या घेऊन यायला लागले होते. बाटली दिसली की इथे काहीतरी आहे हे त्यांना लांबूनच कळायचं, मग सहा-सहा होड्या खड्ड्याभोवती, वर गाणी, वर बिअर. नोलन उन्हाळ्यात कोळंबीमागे असायचा, पण हिवाळ्याचा हा ट्राउट त्याला आपल्या घरचा वाटायचा. शेवटी एका गुरुवारी त्याने काठी हलवून हलवून काढली आणि होडीत ताडपत्रीखाली टाकली. रविवारी परत लावू, तोवर हे शहरवाले हुडकत बसतील.

त्या बायूवर काठी कुणीही रोवावी, मोडली तर कुणीही बदलावी, पण उपटायची कुणी नाही. असं कुठे लिहिलेलं नाही. लिहायची गरजच पडली नव्हती. नोलनला हे पारँनीच शिकवलं होतं. त्याच्या बाप्तिस्म्याला त्यांनी त्याला हातावर धरलं म्हणून ते त्याचे पारँ, धर्मपिता, आणि पुढे होडी, गळ, वारा, सगळं त्यांच्याकडूनच. त्याच्यावर त्यांचा विश्वास असा, की नोलन होडीच्या टोकाला उभा राहून ‘डावीकडे’ म्हणाला की ते पाण्याकडे बघतसुद्धा नसत. सुकाणू डावीकडे.

पारँना त्याने काठीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शिव्या खाव्या लागल्या असत्या. शिवाय ते त्या आठवड्यात खोकल्याने अंथरुणावर होते आणि त्यांची मुलगी एर्लीन त्यांना उंबरठा ओलांडू देत नव्हती.

शनिवारी, वारा उत्तरेचा सुटलेला असताना, एर्लीन बाजाराला गेली आणि पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा शाळा चुकवणाऱ्या पोरासारखा होडी घेऊन सटकला.

नऊच्या सुमाराला नोलन खड्ड्याकडे गेला तेव्हा पारँची होडी नाक फुटून अर्धी बुडालेली होती. ते मागच्या फळीवर कमरेइतक्या पाण्यात बसले होते. ओठ निळे, उजवा हात लोंबकळत.

“उशीर केलास,” ते म्हणाले.

नोलनने त्यांना कसंबसं आपल्या होडीत ओढलं, अंगातला कोट काढून घातला आणि ताडपत्रीवर आडवं केलं. ताडपत्रीखाली काठी होती. नेमकी त्यांच्या पाठीखाली.

“नोलन, काठी होती का रे तिथे?” दात वाजत होते, तरी त्यांनी विचारलं. “मला दिसलीच नाही. मी बाटलीची वाट बघत राहिलो, आणि धाडकन...”

खरं बोलायला तेवढा एक क्षण पुरेसा होता. नोलनने इंजिनाकडे तोंड फिरवलं.

“होती, पारँ.”

“होती?”

“ऊन डोळ्यांवर आलं असेल तुमच्या.”

दुपारी सगळे दवाखान्यात असताना नोलन परत गेला आणि काठी जागेवर रोवली. बाटलीसकट.

खांद्याचं हाड मोडलं होतं, ते जुळून येईल असं डॉक्टर म्हणाले. गावाने नोलनला डोक्यावर घेतलं. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं. एर्लीनने बदकाचं गम्बो, तो दाट रस्सा, पातेलं भरून पाठवलं आणि त्याने ते न चाखताच शेजाऱ्यांना देऊन टाकलं. सांगून टाकावं असं रोज सकाळी वाटायचं आणि रोज काहीतरी काम निघायचं. पारँची फुटकी होडी त्याने स्वतः खपून दुरुस्त केली. जणू पत्र्याला ठिगळ लावलं की झालं.

तीन आठवड्यांनी पारँनी त्याला बोलावलं. ते स्वयंपाकघरात बसले होते, हात गळ्यात अडकवलेला. टेबलावर होडीची किल्ली होती.

“घेऊन जा,” ते म्हणाले. “होडी आता तुझी.”

“काहीतरीच काय? खांदा बरा झाला की—”

“खांद्याचं कोण बोलतंय? एर्लीन मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तो डॉक्टर पोरगा म्हणतो, आजोबा, अशी नजर चाळिशीतल्या माणसांना नसते. मी त्याला म्हटलं, बाबा रे, नीट बघ, थोडं तरी बिघडलेलं सापडेल.” ते हसले, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. “मग काठी का नाही दिसली? मी रोवलेली काठी, बावीस वर्षं मीच बदलत आलेली. डोळे चांगले आहेत, नोलन. म्हणजे डोकं गेलं.”

“नाही हो, पारँ.”

“माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं. आधी जागा विसरायला लागला. शेवटी स्वतःच्या बायकोला विचारायचा, बाई, तुम्ही कुणाकडच्या?” त्यांनी शेगडीकडे बोट दाखवलं. शेगडीला बटणं नव्हती. “एर्लीनने काढून ठेवलीत. मी गॅस चालू ठेवीन म्हणून. कॉफी प्यायची तर तिची वाट बघायची. तू आत्ता पायऱ्या चढत होतास ना, तर मी आधी तुझं नाव मनात दोनदा घोकून घेतलं.”

नोलनला वाटलं, आपल्याला कुणीतरी थोबाडीत मारावी. कुणी मारत नव्हतं, म्हणूनच बोलणं भाग होतं.

“काठी नव्हती तिथे,” तो म्हणाला.

“काय?”

“मी काढली होती. गुरुवारी. शहरवाल्यांना खड्डा सापडू नये म्हणून. तुम्ही ज्या ताडपत्रीवर आडवे होतात, तिच्याखाली होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. दुपारी जाऊन परत लावली.” मग त्याला रडू आलं. “मला माफ करा, पारँ. तुम्ही मेला असतात.”

पारँनी डाव्या हाताने टेबलावर अशी थाप मारली की किल्ली उडाली.

“एर्लीन! ए एर्लीन! बटणं आण शेगडीची! काठी नव्हतीच तिथे! माझं डोकं शाबूत आहे, पोरी, तुझ्यापेक्षा शाबूत आहे!”

एर्लीन धावत आली. तिने झालेलं ऐकलं आणि नोलनकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली. तिने एप्रनच्या खिशातून चार बटणं काढून बापासमोर ठेवली आणि परसात निघून गेली. पारँनी एका हाताने कॉफी केली. अर्धी सांडली, तरी स्वतः केली. ते इतके खुशीत होते की नोलनलाही हलकं वाटायला लागलं. मिटलं, असं त्याला वाटलं.

कॉफी संपल्यावर पारँनी किल्ली उचलून खिशात टाकली.

“खांद्याचं मी मनात ठेवणार नाही,” ते म्हणाले. “हाडं मोडतात. काठी काढलीस हा गाढवपणा, तोही मी तुझ्या वयात केला असता कदाचित. पण मी तुला विचारलं होतं. माझे डोळे सांगत होते, काठी नाही. तू म्हणालास, आहे. आणि मी माझ्या डोळ्यांना खोटं ठरवलं, कारण तू म्हणालास.”

पारँ खुर्चीतून उठले.

“उद्या सकाळी ये. काठी नीट लावलीस का ते बघायचंय.”

सकाळी वारा उत्तरेचाच होता, पाणी उतरलेलं. पारँ मागे बसले, डाव्या हातात सुकाणू. नोलन नेहमीसारखा टोकाला उभा राहिला. खाऱ्या पाण्याने मेलेलं ओकचं झाड मागे पडलं, लांब बाटली दिसली. काठी त्याने त्या दुपारी घाईत पाइपाच्या पलीकडच्या अंगाला लावली होती, हे त्याला आता दिसलं. या वाटेने जाणारा सरळ पाइपावरच जाईल.

“पारँ, डावीकडे घ्या!” तो ओरडला. “पाइप काठीच्या अलीकडे आहे! डावीकडे मोकळं आहे!”

होडी वळली नाही. पारँनी इंजिन बंद केलं. होडी वाऱ्यावर हळूहळू सरकत राहिली आणि ते गुडघ्यांवर रांगत पुढे आले. नोलनला त्यांनी हाताने बाजूला केलं, वल्हं उचललं आणि डावीकडच्या पाण्यात खुपसून बघितलं. तिथे मोकळं होतं. त्यांनी पुढे पुन्हा खुपसलं, मग आणखी पुढे, आणि नोलन फळीवर बसून ते बघत राहिला.