खाली न पडलेलं कार्ड

मी एक जुनी लोकर विणायची सुई आहे. मित्रांनो, स्वेटर मात्र मी जन्मात एकही विणला नाही. पुतळाबाई नर्सनी मला कर्जतच्या बाजारात घेतलं आणि थेट खालापूरच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आणलं. साल १९७४.

तिथे रक्त द्यायला तयार असलेल्यांची शंभरेक कार्डं होती. कार्डाच्या कडेला भोकांची रांग. एक भोक ओ निगेटिव्ह रक्ताचं, एक खालापूरचं, एक पोशीरचं, असं. ज्याला जे लागू, त्याचं ते भोक पुतळाबाई कात्रीने कडेपर्यंत उघडं करत. मग हव्या त्या भोकातून मला गठ्ठ्यात आरपार घालून झटकलं, की उघड्या भोकांची कार्डं खाली पडत, बाकीची माझ्यावर लटकत. पडलेलीच उचलून मला दुसऱ्या भोकात घातलं, की दुसरा प्रश्न. एकेक कार्ड वाचत बसायला नको. मला याचा भारी तोरा होता, खोटं कशाला सांगू?

एका दुपारी पारूबाईला मुलगी झाली. बाळ सुखरूप, पण पारूबाईचं रक्त थांबेना. ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं, तेही लगेच. नवरा सोमा दाराला टेकून उभा होता. पुतळाबाईंनी मला आधी खालापूरच्या भोकात घातलं. चाळीस कार्डं पडली. ती उचलून ओ निगेटिव्हच्या भोकात घातलं. एकही पडलं नाही.

"गावात कोणीच नाही," पुतळाबाई म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आया ठकूबाई फरशी पुसत होत्या. "बाई, गावाचं ऱ्हाऊ द्या. सगळ्या गठ्ठ्यात नुसतं रगत बघा की."

सगळी कार्डं पुन्हा एकत्र झाली. मला झटकलं आणि एक कार्ड पडलं. बायजा, गाव पोशीर.

"पोशीरहून येईपर्यंत फार उशीर होईल," पुतळाबाई म्हणाल्या.

"ती पोशीरला कुठं हाय आता? गेल्या साली हितंच दिली तिला. तळ्यामागं घर हाय."

सोमा धावला. बायजा पिठाच्या हातांनीच आली. डॉक्टरांनी रक्त जुळवून पाहिलं, चढवलं. पारूबाई वाचली.

मित्रांनो, मला विचाराल तेवढंच मी सांगते. बायजाचं लग्न झालं, गाव बदललं, पण कार्डावर पोशीरच राहिलं. कापलेलं भोक काही सांधता येत नाही, म्हणून पुतळाबाईंनी त्याच संध्याकाळी तिचं नवं कार्ड केलं.

पुढे दरवर्षी लग्नसराई संपली, की पुतळाबाई आणि ठकूबाई गठ्ठा घेऊन बसत. ठकूबाईंना वाचता येत नसे. पुतळाबाई मुलींची नावं वाचत आणि ठकूबाई सांगत, कुठली कुठे दिली ते.

आता मी ड्रॉवरमध्ये गंजून पडले आहे. माझं सोडा, सुई कुठेही मिळते. तुम्ही कार्डं तेवढी खरी ठेवा.