किलवर सत्ती

पौर्णिमा न्हाणीत शिरली, आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, तशी चतुराबाईने खुंटीवरची तिची बॅग खाली काढली. आपल्याच पोटच्या पोरीच्या बॅगेत चोरासारखा हात घालायचा याची तिला लाज वाटली, नाही असं नाही. पण लाज धरून गप्प बसलेल्या बायकांची वावरं कशी जातात, ते तिने एकदा पाहिलं होतं.

बॅगेत जेवणाचा डबा होता, ओढणी होती, कानाला लावायचं काळं जाडजूड काहीतरी होतं, वायरींचा गुंता होता. ओढणी तिने नाकाशी नेली. सिगारेट! स्वतः ओढली नसेल, पण ओढणाऱ्यांत बसली होती हे नक्की. आणि अगदी तळाशी, रुमालात गुंडाळलेला एक चौकोनी जिन्नस. रुमाल सोडायचीसुद्धा गरज नव्हती. सारा संसार जिने नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशाला हा आकार पाहिला, तिला तो अंधारातही कळला असता. पत्त्यांचा कॅट.

"खान तशी माती," ती पुटपुटली आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

शहरातल्या माणसाला क्लब म्हटलं की काय आठवत असेल ते असो; वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव-शेलूबाजारच्या पट्ट्यात जुन्या माणसांना क्लब एकच ठाऊक. टिनाचं शेड, बाहेर मोटारसायकली, आत सतरंजी आणि सतरंजीवर रमी. चतुराबाईचा नवरा चंपत तसा देवमाणूस. दारूला शिवला नाही, बायकोवर हात उगारला नाही, पोरीला तर खांद्यावरून उतरवत नसे. पण दिवस कलला की त्याचे पाय आपोआप त्या शेडाकडे वळायचे. झोपेतही "सेट लागला", "सिक्वेन्स पाह्य" असं बरळायचा. अशाच कुठल्याशा डावांपायी रस्त्याला लागून असलेलं वावर गेलं. पुढे एका सकाळी वांग्यांना पाणी देता देता छातीत कळ आली आणि चंपतही गेला. उरलं ते विहिरीकडचं चिंचोळं रान. त्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, मेथी, पालक लावून चतुराबाईने पोरीला शिकवलं, पोरगी वाशीमच्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडायच्या कामाला लागेपर्यंत हातपाय थांबू दिले नाहीत. पदरात तेवढी एकच पोर. तीही त्याच वाटेने गेली तर मग हे सगळं केलं कशासाठी?

संशयाचं बी पेरलं ते धाकट्या दिराने, उकंडरावने. चहाची बशी फुंकत तो म्हणाला होता, "वयनी, रागाऊ नको. पन आपली पुनी शनिवारी वाशीमले क्लबात जाते म्हन्तेत."

त्याच्या मनात होता पोरापोरींचा नाच. हिच्या मनात आली रमी. दोघंही एकाच शब्दावर माना हलवत बसले आणि आपण एकच बोलतोय अशी दोघांचीही खात्री होती.

तेव्हापासून चतुराबाईचे कान टवकारलेले. पोरगी फोनवर बोलायला गोठ्यामागे जायची आणि ही गोठ्यातच शेणाच्या टोपल्याशी खुडबुड करत उभी राहायची. एकदा ऐकलं, "माह्या सेट सातले लागते." दुसऱ्यांदा ऐकलं, "सिक्वेन्स बराबर लावला, तू मंधात कट नको मारू." आणि कालच्या दिवशी तर कहर झाला. पोरगी हसत हसत कुणाला तरी सांगत होती, "येत्या शनिवारी किलवर सत्ती निंगते. मंग पाहू लोकं काय म्हन्तेत." आता याहून पुरावा तो कोणता पाहिजे? दुधाने तोंड पोळलेली बाई ती. ताक काय, पाणीही फुंकून पिणार.

तिने रुमालासकट तो कॅट उचलला आणि चुलीत सारला. रुमालाने आधी पेट घेतला, पत्ते मात्र सावकाश, एकेक कडा काळी करत जळाले. तिने फुंकणीने फुंकलं. पौर्णिमा केस पुसत बाहेर आली तेव्हा चुलीवर भाकर टम्म फुगलेली होती.

पोरीने बॅग उचलली, आत हात घातला, थांबली. पुन्हा सगळं बाहेर काढून पाहिलं. मग आईकडे पाहिलं. चतुराबाई भाकर उलटत राहिली. आता बोलेल, आता भांडेल, मग आपणही सगळं काढू, अशी वाट पाहत. पण पौर्णिमा एक शब्द बोलली नाही. तेच चतुराबाईला जास्त लागलं, कारण चंपतही असाच होता, पकडला गेला की मुका व्हायचा. पोरगी डबा न घेता गेली आणि त्या रात्री फोन आला, की रोजची ये-जा जमत नाही, स्टुडिओतल्या एका पोरीसोबत वाशीमलाच खोली घेतली आहे. "बरं," चतुराबाई म्हणाली. फोन ठेवला आणि ताटात वाढलेलं तसंच झाकून ठेवलं.

शनिवार उगवला. चतुराबाईने सांबाराच्या जुड्या बाजारात कशाबशा खपवल्या, धुवट लुगडं नेसली आणि वाशीमची एसटी धरली. पोरीला सतरंजीवरून हाताला धरून उठवायचं, चारचौघांत उठवायचं, असं तिने ठरवलं होतं. चंपतला तसं उठवायची हिंमत तिला कधी झाली नव्हती. शेडाच्या दारापर्यंत जाऊन ती परत यायची. ती चूक तिला दुसऱ्यांदा करायची नव्हती.

उकंडरावने सांगितलेली जागा बायपासवर होती, लग्नाचं लॉन. लग्नाच्या तिथी नसल्या की मालक ते पोरांना शनिवारी संध्याकाळी भाड्याने देई. दाराशी मोटारसायकलींची रांग पाहून चतुराबाईला ते टिनाचं शेड आठवलं. अगदी तस्संच. दारावर एक कॉलेजातली वाटावी अशी पोरगी हातावर शिक्के मारत होती.

"खेळनारी पोरगी कुठं बसते?" चतुराबाईने विचारलं.

"खेळनारी?"

"पौर्णिमा. मी माय होय तिची. चंपत इंगोलेची पोरगी."

ती पोरगी चटकन उभी राहिली आणि चतुराबाईच्या पाया पडली. खेळत नाही, वाजवते, असं तिने सांगितलं आणि हात धरून आत नेलं. चतुराबाईचा विश्वास बसला नाही. गुळासारखं गोड बोलणारे क्लबातही असतात. चंपतला रोज बोलवायला येणारे काय शिव्या देत येत होते? आत शिरताच तिने आधी खाली पाहिलं. सतरंजी कुठे आहे? सतरंजी नव्हतीच. फरशीवर पोरं-पोरी उभ्या होत्या, नाचत होत्या, काही नुसत्याच डोळे मिटून डुलत होत्या. वाशीमची, कारंज्याची, रिसोडची, पार अकोल्याहून आलेलीसुद्धा. आणि जिथे एरवी नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात, त्या स्टेजवर कानाला ते काळं यंत्र लावून तिची पौर्णिमा उभी होती, दोन गोल चकत्यांवर हात ठेवून.

आवाज छातीवर आदळत होता. वरातीतल्या डीजेसारखा सरळ धडधड नव्हता तो. ठेका निघायचा, मधेच मोडायचा, अडखळायचा, आणि आता पडला म्हणता म्हणता उठून पुन्हा चालू लागायचा. शिक्क्यावालीने कानाशी ओरडून सांगितलं, की याला ब्रेकबीट म्हणतात, मोडका ठेका; दर शनिवारी इथे वाजवून वाजवून ताईने 'किलवर सत्ती' नावाचा तासाभराचा अल्बम बांधला आहे, तो आज निघतोय, उद्यापासून सगळ्यांच्या मोबाइलवर. चतुराबाईला अर्धंच कळलं. आणि त्याच वेळी तिच्या कानांनी तो आवाज पकडला.

फर्रर्र, टप. फर्रर्र, टप.

स्टेजमागच्या पांढऱ्या पडद्यावर एक चित्र उजळलं, पुरुषभर उंचीचं. एक पत्ता. छापलेला नव्हे, हाताने केलेला: बॉलपेनने काढलेली किलवरची वेडीवाकडी पानं आणि कोपऱ्यात सात. सातच्या पोटातून आडवी रेघ. अशी रेघ मारणारा माणूस तिने उभ्या आयुष्यात एकच पाहिला होता. मग चित्र उलटलं. मागच्या बाजूला पिवळ्या पडलेल्या पुठ्ठ्यावर लाल छापील अक्षरं होती, मधेच कापलेली: चि. सौ. कां. चतु.

घरचा कॅट. क्लबातला नव्हे, घरचा! श्रावणात ओसरीवर बसून बाप-लेक खेळायचे तो. त्यातली किलवर सत्ती हरवली म्हणून चंपतने ट्रंकेतली त्यांच्या लग्नाची पत्रिका काढून तेवढा तुकडा कापला होता, आणि चतुराबाईने त्याला घर डोक्यावर घेऊन बोल लावले होते. तो पत्ता इतका जाड, की पिसताना तिथे अडकायचा: फर्रर्र, टप. सत्ती कुणाच्या हातात आहे ते पाठीवरूनच दिसायचं, आणि पोरीच्या हातात असली की बाप मुद्दाम आंधळा व्हायचा. चंपतचा ना कुठे आवाज भरलेला होता, ना व्हिडिओ. त्याच्या पत्त्यांचा हा आवाज, एवढाच उरला होता.

चतुराबाई बाहेर आली आणि पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर बसली. कुणीतरी निरोप दिला असावा; दुसऱ्याच्या हाती वाजवणं सोपवून पौर्णिमा धावत बाहेर आली. आई दिसताच तिची पावलं जड झाली. भांडायला आली की काय, हा संशय तिच्याही तोंडावर होता.

"ते पत्ते म्या चुलीत घातले," चतुराबाई म्हणाली.

"मालूम हाय मले. बॅग भरतानी चुलीच्या राखीत कोपरा दिसला."

"मंग बोलली काहून नाई?"

पौर्णिमाने ओढणीचं टोक पिळलं. "तू बॅग पाह्यली माय. मले नाई इचारलं. इचारलं असतं त सांगतलं असतं. लहानपनापासून पाहून राह्यली मी, तू माह्याकडं पाह्यतं तं बाबाले पाह्यतं."

खरं होतं ते. आतून टाळ्या आणि शिट्ट्या ऐकू आल्या. तो आवाज आता पुन्हा भरता येणार नाही का, असं चतुराबाईने विचारलं. जेवढा भरला तेवढाच, पौर्णिमा म्हणाली. पुढच्या कामासाठी पत्ते लागणार होते, म्हणून तर बॅगेत घेऊन फिरत होती.

"घरी येशीन ना तू?"

"पाहू," पोरगी म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी मालेगावच्या जनरल स्टोअरमध्ये चतुराबाईने पत्त्यांचा कॅट मागितला. दुकानदाराने तिच्याकडे वर-खाली पाहिलं. चंपतची बायको पत्ते मागते! कॅट देताना तो गालात हसला, आणि दिवस मावळायच्या आत ही खबर गावभर होणार हे तिला कळलं. घरी येऊन तिने ट्रंकेच्या तळातून लग्नाची पत्रिका काढली. चंपतने कापलेलं चौकोनी भोक तसंच होतं. भोकाच्या शेजारचं, चंपतच्या स्वतःच्या नावाचं अर्धं तिने कात्रीने कापलं, बॉलपेनने सात काढला आणि पोटातून आडवी रेघ मारली. नव्या कॅटातली छापील किलवर सत्ती बाजूला टाकली.

पण नवे पत्ते कडक. त्यांचा आवाज वेगळाच येई, कोरडा. हाताखालून गेल्याशिवाय ते मऊ व्हायचे नाहीत. म्हणून आता दुपारी जुड्या बांधून झाल्या की ती ओसरीवर बसते आणि सांबाराने हिरव्या पडलेल्या बोटांनी पत्ते पिसते. आधी ते सगळे अंगणात उडायचे. आता कधी कधी नीट बसतात.

परवा शेजारची सीताबाई विळा मागायला आली, ते पाहून दारातच थबकली. "बाई, तुयासारखीनं पत्ते?" ती म्हणाली. "कोन येते तुयाकडं खेळाले?"

"पोरगी येनार हाय," चतुराबाई म्हणाली. "तिले नवे पत्ते चालत नाईत."

सीताबाईचा काही त्यावर विश्वास बसला नाही. विळा घेऊन ती बांधाबांधाने निघाली, मधेच एकदा मागे वळून पाहिलं, आणि थेट उकंडरावच्या घराकडे वळली. चतुराबाईने ते पाहिलं. हाक मारून खरं काय ते सांगावं असं क्षणभर तिला वाटलं, मग जाऊ दे म्हणाली. तिने पत्ते पुन्हा एकसारखे केले आणि पिसले. मध्यावर जाड पत्ता अडकला, टप वाजला, आणि पुढचे पत्ते सरसर निघाले.