ड्रॉइंगची वेगळी केबल

एकोणनव्वद सालची गोष्ट. भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरजवळच्या एका कारखान्यात कौशल्या पौनीकर कॉम्प्युटर सांभाळायची. भंडाऱ्याच्या कोष्टी घरातली मुलगी, नागपूरला शिकून आलेली.

कारखान्याची सगळी ड्रॉइंगं मुख्य इमारतीतल्या कॉम्प्युटरवर असत. मैदानापलीकडच्या टूलरूममधला कॉम्प्युटर ती ड्रॉइंगं केबलवरून मागवी आणि आपल्याच पोटातली असावीत तशी उघडून दाखवी. पण त्याच केबलवर साऱ्या खात्यांची कामं चालत. दुपार झाली की ड्रॉइंग अर्धं येऊन थांबे. टूलरूमचे जुने ड्राफ्ट्समन टिकारामजी शेवटी कंटाळले आणि पुन्हा सायकलवरून कागदाची भेंडोळी आणू लागले.

मग कारखान्याच्या साहेबांनी फक्त ड्रॉइंगसाठी मैदानाखालून दुसरी केबल टाकून घेतली. दोन्ही कॉम्प्युटरना ती जोडायला दुसरं कार्ड बसलं. तरी ड्रॉइंग अडायचं ते अडतच राहिलं. नवी केबलच खराब असणार, उकरून काढू, असं साहेब म्हणाले.

कौशल्यानं त्यांना थोडं थांबायला सांगितलं. कोणत्या कार्डावरून किती माहिती गेली, ते कॉम्प्युटर आकड्यांत दाखवी. जुन्या कार्डाचा आकडा धावत होता, नव्याचा जागचा हलत नव्हता. केबल चांगली होती; त्या वाटेनं काही जातच नव्हतं. विचार करता करता तिच्या ध्यानात आलं, की टूलरूमचा कॉम्प्युटर अजून मुख्य कॉम्प्युटरच्या जुन्या कार्डाच्याच पत्त्यावर ड्रॉइंगं मागतो आहे. पत्ता जुना, म्हणून वाटही जुनी. तिनं नव्या कार्डाच्या पत्त्याला वेगळं नाव दिलं, ते दोन्हीकडे नोंदवलं, आणि ड्रॉइंगांची जोडणी सोडवून त्या नावानं नव्यानं केली.

मग तिनं टिकारामजींना बोलावलं. टूलरूममधल्यांना हातातलं काम थांबवायला सांगून कॉम्प्युटरच्या पाठची जुनी केबल काढली आणि टिकारामजींच्या हातात दिली.

"आता उघडा."

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर रेषेमागून रेषा उमटत गेली आणि कुठंही न अडता अख्खा गिअर उभा राहिला. टिकारामजी हातातल्या केबलकडे बघत राहिले.

"ताई, हे चित्र इथंच ठेवलेलं होतं का?"

"नाही जी. ते अजून तिकडंच आहे."

त्यांना पटेना. त्यांनी फोन उचलून मुख्य इमारतीत ड्रॉइंग करणाऱ्या धनीरामला त्याच ड्रॉइंगमध्ये एक होल वाढवायला सांगितलं. झालं, असं तिकडून कळताच पुन्हा ड्रॉइंग उघडलं. गिअरमध्ये नवं होल होतं.

टिकारामजींनी काचेवर तिथं बोट टेकवलं. आजवर त्यांनी ओढलेली रेघ ज्या कागदावर ओढली त्याच कागदावर राहिली होती.

"चित्र एकच," ते हळू म्हणाले, "अन् दोघायले दिसून राह्यलं."

वाट कौशल्यानंच ठरवून दिली होती. तरी खिडकीतून मैदानाकडे पाहताना, त्या गवताखालून आत्ता धनीरामचं होल इकडे आलं, या विचारानं तिच्या अंगावर काटा आला.

ड्रॉइंगं नंतर अडली नाहीत. पण कितीतरी दिवस दुपारी टूलरूममधलं कुणी ना कुणी कॉम्प्युटरपाशी येई, आणि टिकारामजी त्याला खुर्चीत बसवून धनीरामला फोन लावत.